ताईंच्या मागेमागे फिरणारे मूल

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की महिन्याभरातच पालकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो. घरी स्वतःची चप्पलही जागेवर न ठेवणारे मूल बालवाडीत सगळ्यांची बस्करे घालते, खाऊच्या ताटल्या वाटते, ताईंनी फडके हातात घ्यायच्या आत फळा पुसायला धावते, हे ऐकून पालकांना आधी हसू येते आणि मग कोडे पडते. आपले मूल ताईंची मर्जी राखायला शिकले की काय, असे कोणाला वाटते. शिकवायचे सोडून मुलांना कामाला जुंपले जात असावे, अशी कोणाला शंका येते. काहींना अभिमान वाटतो, आणि तो बहुधा मूल ‘आज्ञाधारक’ झाले या समजुतीपोटी असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाची तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला. तेव्हापासून अंगणवाडीत आणि बालवाडीत मुले नेमके काय शिकतात, याची चर्चा पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे. अक्षरओळख कधी करून द्यावी, अंक कधी गिरवून घ्यावेत, यांवर पालक हिरिरीने बोलतात. मूल ताईंना मदत करते या गोष्टीकडे मात्र एक गोड प्रसंग म्हणूनच पाहिले जाते, आणि ती तिथेच सोडून दिली जाते. माझ्या मते ही मोठी चूक आहे. मोठ्यांच्या कामात हात घालणे हा या वयातील शिकण्याचा एक मुख्य रस्ता आहे, आणि त्या कामात मुलाला खरी जागा करून देणे हा शिकवण्याचाच भाग आहे. असे का म्हणायचे, ते पायरीपायरीने पाहू.

## एका दिवसाचे ताटलीवाटप

गेल्या पावसाळ्यात एका अंगणवाडीत मी सकाळभर बसले होते. खाऊची वेळ झाली तशी साडेचार वर्षांची एक मुलगी ताईंच्या जवळ जाऊन उभी राहिली. ताईंनी स्टीलच्या ताटल्यांची चळत तिच्या हाती दिली. तिने ती पोटाशी घट्ट धरली आणि भिंतीकडेने बसलेल्या मुलांपुढे एकेक ताटली ठेवायला सुरुवात केली. प्रत्येकापुढे वाकायचे, ताटली ठेवायची, ‘घे’ म्हणायचे आणि सरळ होऊन पुढच्याकडे जायचे. वाकताना चळत घसरू नये म्हणून ती हनुवटीने वरची ताटली दाबून धरत होती.

ओळीच्या शेवटी ताटल्या संपल्या आणि दोन मुले उरली. ती थांबली. आपल्या रिकाम्या हातांकडे तिने पाहिले, मग ओळीकडे पाहिले, आणि ती उलट चालत निघाली. मधल्या एका मुलाने दोन ताटल्या एकीवर एक ठेवल्या होत्या. त्यातली एक तिने काढून घेतली आणि उरलेल्या दोघांपैकी एकाला दिली. मग ताईंकडे येऊन म्हणाली, ‘‘एक नाही.’’

‘‘कोणाला नाही?’’

तिने बोट दाखवले.

‘‘मग मदतनीस ताईंकडून किती आणशील?’’

‘‘एक.’’

ती गेली आणि दोन ताटल्या घेऊन आली. ‘‘ही दुसरी कोणाला गं?’’ ताईंनी विचारले. तेवढ्याच गंभीरपणे ती म्हणाली, ‘‘तुम्हाला.’’

या सगळ्याला सात-आठ मिनिटे लागली असतील. मदतनीस ताईंनी हेच काम एका मिनिटात उरकले असते. वरवर पाहता ही वेळेची नासाडीच म्हणायची. पण या मिनिटांत त्या मुलीने काय काय केले, ते जरा उलगडून पाहायला हवे.

## एवढ्याशा कामात शिकण्यासारखे काय आहे?

पहिली गोष्ट गणिताची. एका मुलापुढे एकच ताटली, आणि एकही मूल सुटता कामा नये, हे मोजणीचे मूळ आहे. ‘एक, दोन, तीन’ म्हणत वीसपर्यंत घडाघडा जाणारी पुष्कळ मुले समोरचे पाच मणी मोजताना एकच मणी दोनदा मोजतात, कारण पाढ्यासारखे पाठ झालेले शब्द आणि प्रत्यक्ष वस्तू यांची सांगड अजून बसलेली नसते. ताटल्या वाटताना ती सांगड आपोआप बसते, कारण चुकले की कोणीतरी उपाशी राहते आणि ते समोर दिसते. त्या मुलीला ‘वजाबाकी’ हा शब्द माहीत नव्हता. पण दोन उरले, एकाला मिळाली, म्हणजे एक कमी, हे तिने करून दाखवले. गिरवण्याच्या वहीत हे सापडत नाही.

दुसरी गोष्ट मनाला लगाम घालण्याची. बालमानसशास्त्रात ‘कार्यकारी क्षमता’ असा एक शब्द वापरतात. सांगितलेले लक्षात ठेवणे, मनात येईल ते लगेच न करता थांबणे, आणि ठरवलेले फसले तर दुसरा मार्ग घेणे, या तीन शक्तींचे ते एकत्रित नाव आहे. स्वयंपाकघरात एकीकडे दुधावर लक्ष, दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्यांचा हिशोब, आणि मध्येच दारावरची बेल, हे सगळे एकाच डोक्यात सांभाळणाऱ्या माणसाला या तिन्ही शक्ती लागतात. लहान मुलात त्या तयार नसतात. वापरून वापरूनच वाढतात. ताटल्या वाटणाऱ्या त्या मुलीला भूक लागली होती, तरी आपली ताटली आधी ठेवून ती बसली नाही. ताटल्या संपल्या तेव्हा रडली नाही, उलट चालत गेली. ‘डोळे मिटा, शांत बसा’ असे दहा वेळा सांगून जे संयमन येत नाही, ते हातात खरे काम असले की पुष्कळदा सहज येते, कारण तेव्हा थांबण्याला मुलाच्या दृष्टीने काही कारण असते.

भाषेचेही तसेच. ‘‘मदतनीस ताईंना सांग, आज चौदा मुले आली आहेत, आणि येताना मोठा डाव घेऊन ये,’’ हा निरोप चार वर्षांच्या मुलासाठी बराच लांब आहे. तो डोक्यात धरून अंगण ओलांडायचे, वाटेत कोंबडी दिसली तरी विसरायचा नाही, आणि पोहोचल्यावर आपल्या शब्दांत सांगायचा. बडबडगीत पाठ म्हणताना शब्द दुसऱ्याचे असतात. निरोप सांगताना वाक्य आपले आपण जुळवावे लागते, आणि समोरच्याला ते कळले नाही तर पुन्हा वेगळे जुळवावे लागते.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते. तिने ताईंसाठी ताटली आणली. या खोलीत कोण कोण आहे आणि कोणाला काय लागेल, याचा नकाशा तिच्या मनात तयार झाला होता, आणि त्या नकाशात तिची स्वतःची जागाही होती.

## ही ओढ येते कुठून?

मूल मदत करते ते शाबासकीसाठी किंवा धाकापोटी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. २००६ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन संशोधकांनी तो तपासून पाहिला. त्यांनी अवघ्या अठरा महिन्यांच्या मुलांसमोर साधे प्रसंग उभे केले. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि त्याचा हात पोहोचत नाही. दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा असल्याने त्याला कपाटाचे दार उघडता येत नाही. त्याने मदत मागितली नाही आणि बदल्यात काही दिलेही नाही. तरी २४ पैकी २२ मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रसंगी आपणहून मदत केली. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तेव्हा मात्र मुले सहसा उठली नाहीत. म्हणजे पडलेली वस्तू उचलण्याचा नुसता खेळ त्यांच्या मनात नव्हता. समोरच्याची अडचण झाली आहे, हे त्यांना कळत होते.

दीड वर्षाचे मूल पुरते बोलूही लागलेले नसते. तेव्हा ही ओढ उपदेशाने आलेली असणे कठीण आहे. ती आतूनच असते, आणि भोवतालची माणसे तिला एकतर वाट देतात किंवा अडवतात.

अडवण्यासाठी आपल्या भाषेत एक अगदी तयार शब्द आहे: लुडबुड. दोन वर्षांचे मूल केरसुणी ओढते, कणकेच्या परातीत हात घालते, वाळत घातलेल्या कुरडया उलटायला येते, आणि आपण म्हणतो, ‘‘लुडबुड करू नकोस, जा, खेळ जा.’’ मोठ्यांच्या बाजूने पाहिले तर हे अगदी समजण्यासारखे आहे, कारण त्या वयाची मदत म्हणजे दुप्पट काम. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर ती लुडबुड ही त्याची पहिली मदत असते, आणि तिला मिळालेले उत्तर ते लक्षात ठेवते. कणकेचा एक गोळा त्याच्या हाती दिला, तो मळून मळून काळा पडला, त्याची वेडीवाकडी पोळी लाटली गेली, इथपर्यंत सगळी घरे येतात. ती पोळी तव्यावर भाजून कोणी खरोखर खाल्ली का, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

## मग घरी काडी का हलवत नाही?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मुलात नसून घराच्या मांडणीत असते. घरातला ओटा मुलाच्या डोक्याच्या वर, कपाटाची कडी उंच, बादली जड आणि सगळ्यांना सकाळची घाई. बालवाडीत फडके हाताशी टांगलेले असते, तांब्या लहान असतो, बस्करे उचलण्याजोगी हलकी असतात, आणि तेच काम करणारी बरोबरीची मुले आजूबाजूला दिसतात.

बार्बरा रोगॉफ या अमेरिकन अभ्यासिकेने मेक्सिको आणि ग्वाटेमाला येथील मूलनिवासी समाजांतील मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिथे लहान मुलांना मोठ्यांच्या कामापासून दूर सारले जात नाही. ती बाजूला बसून पाहतात, जमेल तिथे हात लावतात, आणि कोणी न सांगता काय हवे ते ओळखून करण्याची त्यांना सवय लागते. उलट, ज्या घरांत दुसऱ्या वर्षी ‘तू खेळ’ म्हणून मुलाला बाजूला केले जाते आणि सातव्या-आठव्या वर्षी ‘एवढा मोठा झालास, तरी काही करत नाहीस’ असे सुनावले जाते, तिथे मधल्या काळात मुलाने एवढेच शिकलेले असते, की काम हे मोठ्यांचे आणि आपण त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचे. आपल्याकडेही एकत्र कुटुंबात शेंगा सोलायला, भाजी निवडायला, गोधडीला दोरा ओवून द्यायला मूल सहज बसत असे. ते सगळे सुंदर होते असे माझे म्हणणे नाही, पण बसायला जागा होती.

## ही नवी टूम आहे का?

मुळीच नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. पुढे पाणी ओतणे, टेबल पुसणे, बटणे लावणे, जेवण वाढणे या कामांना त्यांच्या पद्धतीत अभ्यासाचेच स्थान मिळाले. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले, आणि मूळच्या मराठी असलेल्या ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

पण मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा तो त्यानंतरचा भाग. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. युरोपातले महाग साहित्य खेड्यात परवडणारे नव्हते. त्यांनी शिंपले, बिया, दगड, पाने यांतून साहित्य उभे केले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांसाठी, त्यांना आणखी एक पाऊल टाकावे लागले. तिथली मुले गुरे राखत, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत. गुरे सोडून शाळेत या, असे सांगून उपयोग नव्हता. म्हणून गुरे चरायची त्या कुरणावर शाळा गेली, आणि भावंडांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, त्याला लागून शाळा, अशी विकासवाडी उभी राहिली.

या इतिहासातून मी एवढेच घेते, की काम करणारे मूल त्यांनी ‘मागासलेले’ ठरवले नाही. मूल आधीच काहीतरी सांभाळते आहे, जबाबदारीने वागते आहे, हे पाहून त्यावर त्यांनी शिक्षण उभे केले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. तो पोहोचताना त्यामागचा हा विचार किती पोहोचला, हा प्रश्न मला अनेकदा पडतो.

## ‘‘आम्ही शिकायला पाठवतो, कामाला नाही’’

हा आक्षेप रागाने घेतला जातो आणि तो गंभीरपणेच घ्यायला हवा. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, कुटुंबाच्या कामात शाळेच्या वेळेबाहेर केलेली मदत आणि मनोरंजन क्षेत्रातील काही काम असे अपवाद सोडले, तर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे बालपण कामात घालवले, त्याने याबाबत हळवे असावे, हे योग्यच आहे.

फरक ओळखायचा तो असा. काम मुलाच्या वाढीसाठी आहे की मोठ्यांची गरज भागवण्यासाठी? मूल आज नाही म्हणाले तर चालते का? ते काम अर्धवट राहिले, सांडले, फुटले, तर मुलाला बोलणी बसतात का? मूल न आल्यास ताईंचे काम अडत असेल, तर ती मदत राहिली नाही. ती राबवणूक झाली. बालवाडीचे शौचालय धुणे, पाण्याच्या कळशा भरून आणणे, शिक्षकांसाठी चहा आणणे, ही कामे मुलांची नाहीतच. खिचडीचे गरम पातेले, शेगडी, विळी यांच्या आसपासही मूल जाता कामा नये, मग त्याचा उत्साह कितीही असो. आपले बस्कर उचलणे, सांडलेले पाणी पुसणे, ठोकळे टोपलीत भरणे, रोपांना पाणी घालणे, ही कामे मूल आणि त्याचे मित्र जिथे राहतात त्या जागेची आहेत. त्यांत इतरांचाही वाटा आहे आणि त्याचाही.

## बक्षीस द्यावे का?

आपल्या बालवाड्यांत आता हातावर चांदणीचा शिक्का उमटवण्याची, तक्त्यावर तारे चिकटवण्याची, मदत केली की चॉकलेट देण्याची पद्धत बरीच रुळली आहे. हेतू चांगला असतो. परिणाम मात्र उलटा होऊ शकतो, आणि हे सांगणारे पुरावे बरेच जुने आहेत.

१९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढायला आवडणारी बालवाडीतली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर छान प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही सांगितले नाही. काही दिवसांनी रंग पुन्हा समोर ठेवले, तेव्हा बक्षीस ठरवून मिळालेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत बसली. मदतीबाबत हेच वार्नेकेन आणि टोमासेलो यांना २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांत दिसले. मदतीबद्दल ज्यांना वस्तू मिळत गेली, ती मुले पुढे वस्तू बंद झाल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना नुसता गोड शब्द मिळाला किंवा काहीच मिळाले नाही, त्यांच्यात अशी घट दिसली नाही.

एखादी गोष्ट तिच्यासाठीच करावीशी वाटणे, याला ‘आंतरिक प्रेरणा’ म्हणतात. बक्षिसाने ती का आटते, हे समजायला विरजणाचे उदाहरण पुरेसे आहे. रात्री शेजारी वाटी घेऊन विरजण मागायला येतात, आपण चमचाभर दही देतो, आणि देताना हिशोब मनातही येत नाही. समजा, त्यांनी एक दिवस दह्याच्या चमच्याचे दोन रुपये पुढे केले. त्या दिवसापासून ते देणे शेजारधर्म राहत नाही, दुकान होते. आणि पुढच्या वेळी दोन रुपये आले नाहीत, तर आपल्याला उगाच काहीतरी कमी वाटते. मुलाच्या मदतीला चॉकलेट जोडले की त्याच्या मनात हाच बदल होतो.

म्हणून कौतुक करायचे नाही, असे नाही. ‘‘तू ताटल्या वेळेवर वाटल्यास, त्यामुळे सगळ्यांना गरम खिचडी मिळाली,’’ असे सांगावे. त्यात मुलाला आपल्या कामाचा परिणाम दिसतो. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘तू मदतनीस आहेस’ असे नाव दिले की तीन ते सहा वर्षांची मुले अधिक उत्साहाने पुढे येतात, असे २०१४ च्या एका अभ्यासात आढळले. पण नंतरच्या एका अभ्यासात दिसले, की असे नाव मिळालेल्या मुलाच्या हातून मदत करताना काही बिघडले, तर ते अधिक खचते आणि पुढे मदत टाळते. हे समजण्यासारखे आहे. ‘आज मी मदत केली आणि पाणी सांडले’ यात चूक पाण्यापुरती राहते; ‘मी मदतनीस आणि माझ्याकडूनच सांडले’ यात ती स्वतःवर येते. मराठीत क्रियापद वापरणे तसेही सोपे आहे. ‘मदत करतोस का?’ एवढे पुरते.

## ताईंचा लाडका, आणि बाकीचे

जवळजवळ प्रत्येक बालवाडीत एक-दोन मुले सारखी पुढे असतात. त्यांना नाही म्हणणे जिवावर येते, आणि खरे सांगायचे तर ती कामही नीट करतात, म्हणून हाक त्यांनाच जाते. यातून दोन गोष्टी बिघडतात. ते मूल हळूहळू मदतीकडून देखरेखीकडे सरकते: ‘‘ताई, हा बसला नाही,’’ ‘‘ताई, तिने हात धुतले नाहीत.’’ अशा वेळी मुलाला चुगलखोर म्हणून दटावू नये. नियम आपल्याला कळला, हे ते सांगत असते. ‘‘हात धुतले नाहीत का? तिला साबण देतोस का?’’ असे म्हटले, की तक्रारीची पुन्हा मदत होते.

दुसरे, मागे बसलेल्या मुलांना वाटते की आपल्याला जमत नाही. त्यासाठी पाळी ठरवणे हा साधा उपाय आहे. चित्रांच्या चिठ्ठ्या खिळ्याला टांगाव्यात. ज्याची चिठ्ठी आज वर आली, त्याचे काम. वाचता न येणाऱ्या मुलालाही आपले चित्र ओळखता येते, आणि उत्साही मुलाला ‘आज तुझी पाळी नाही’ हे ताईंऐवजी खिळाच सांगतो, त्यामुळे त्याचे मन मोडत नाही.

## केरसुणी कोणाच्या हाती?

हा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. मदतीच्या नावाखाली मुलींच्या हाती केरसुणी आणि मुलांच्या हाती निरोप, अशी वाटणी कोणी ठरवून करत नाही. ती आपसूक होते, आणि म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे. तसेच पाणी कोणाच्या हातून घेतले जाते आणि दारातल्या चपला कोण लावते, यात गावातली जातीची उतरंड बालवाडीच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकते. चार वर्षांचे मूल उपदेश विसरेल, पण रोज कोण वाढते आणि कोण झाडते हे विसरणार नाही. ज्या ताराबाईंनी दलित वस्तीच्या अंगणात बालवाडी नेली, त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेत तर याची जाणीव सतत जागी असायला हवी. सगळ्यांनी वाढायचे, सगळ्यांनी झाडायचे, सगळ्यांच्या हातचे पाणी सगळ्यांनी प्यायचे. पाळीची ती चिठ्ठी इथेही उपयोगी पडते, फक्त मोठ्यांनी ती मध्येच बदलता कामा नये.

## वेळ कुठून आणायचा?

सेविका यावर रास्त प्रश्न विचारतील. वजने घ्यायची, मोबाईलवर नोंदी भरायच्या, गरोदर मातांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस, आणि त्यात ताटलीवाटपाला सात मिनिटे कुठून काढायची? खरे आहे. सगळी कामे रोज मुलांवर सोपवणे शक्य नाही आणि गरजही नाही. दिवसातले एकच काम निवडावे, ते दहा मिनिटे आधी सुरू करावे, आणि महिनाभर तेच ठेवावे. पहिला आठवडा पसारा होतो. काम कसे करायचे ते तोंडाने सांगण्यापेक्षा एकदा सावकाश करून दाखवलेले मुलांना चटकन कळते: फडके कसे पिळायचे, तांब्या दोन्ही हातांनी कसा धरायचा, पाणी पेल्याच्या कोणत्या रेघेपर्यंत ओतायचे. नंतर हात मागे घ्यायचा. हे सर्वांत अवघड आहे, कारण तिरकी पडलेली ताटली सरळ करायला आपला हात आपोआप पुढे जातो. मुलासमोर त्याचे काम पुन्हा केले, की आपले केलेले चालत नाही, एवढाच अर्थ ते काढते.

त्या अंगणवाडीत मी पुन्हा गेले, तेव्हा ती ताटल्यांवाली मुलगी खिडकीशी बसून मणी ओवत होती. त्या दिवशी तिची पाळी नव्हती. खिळ्यावर पतंगाचे चित्र होते. ते एका अबोल मुलाचे होते, आणि तो जागचा हलत नव्हता. ताईंनी त्याला हाक मारली नाही. त्यांनी सतरंजीचे एक टोक उचलले, दुसऱ्या टोकाकडे पाहिले आणि तशाच थांबल्या. एकट्या माणसाला मोठी सतरंजी नीट घडी करता येत नाही, हे तीन वर्षांच्या मुलालाही दिसते. थोड्या वेळाने तो उठला, दुसरे टोक दोन्ही मुठींत धरून ताईंच्या दिशेने चालत आला, आणि टोकाला टोक लागल्यावर ते त्यांच्या हातात देऊन, घडीचे खाली लोंबणारे दुसरे टोक उचलायला स्वतःच मागे वळला.